वाळवणखोलीतली माणसं

वहिनीला नाव होतं, पण ते फक्त तिच्या ओळखपत्रावर. फुलांच्या त्या मोठ्या मळ्यावर तिचा नवरा पंपांचा मिस्त्री होता, सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. दादा एका दुपारी पंपघरातच छातीत कळ येऊन गेला. नवरा गेला, पण नातं काही कुणी परत मागितलं नाही. मुकादम तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, टक्कल पडलेला, तोही तिला वहिनीच म्हणायचा.

दादा गेल्यावर तिला मळ्यावरच काम मिळालं, फवारणीवाल्यांचे पोशाख धुवायचं. पोशाख म्हणजे पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, मागे डोक्यावर ओढायची टोपी. मळा सगळा प्लास्टिकच्या लांबच लांब छपरांखाली, आणि रोज कुठल्या ना कुठल्या छपराखाली फवारणी चालूच. बावीस फवारणीवाले, बावीस पोशाख. फवारणीचं काम वाईट, हे मळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. ते लोक खोकत, डोळे चोळत, संध्याकाळी डोकं धरून बसत. त्या मानाने धुलाई म्हणजे सुखाची नोकरी. सावलीतलं काम, वर छप्पर, हाताखाली पाणी. आधी तिथे आक्का म्हणून एक बाई होती. तिची तब्येत बिघडली, तेव्हा तिनेच मुकादमाला वहिनीचं नाव सुचवलं होतं.

धुलाईघर मळ्याच्या मागच्या अंगाला. तीन खोल्या. पहिलीत सिमेंटचा हौद, दुसरीत दोन मोठी मशीनं, त्यातलं एक कायम रुसलेलं. तिसरी कपडे वाळवायची, तिला सगळे वाळवणखोली म्हणत. तिला खिडकी नव्हती. भिंतीलगत गरम पाण्याचे नळ फिरवलेले, छताखाली लोखंडी दांडे, दांड्यांना लोंबणारे आकडे आणि प्रत्येक आकड्यावर रंगाने घातलेला आकडा. "आमच्याकडे आकड्यालासुद्धा आकडा आहे," हा वहिनीचा नेहमीचा विनोद. नवीन माणूस दिसला की ती तो एकदा वाजवून घ्यायचीच.

पोशाख आले की ती आधी दारात उभी राहून ते फाडफाड झटकायची, कारण बाहीच्या आणि गुडघ्याच्या घड्यांत पांढरी भुकटी साचलेली असायची. मग खिसे चाचपायची, मग पोशाख उलटा करून हौदात. हात कोपरापर्यंत पाण्यात. एकदा तिने मुकादमाकडे हातमोजे मागितले, तर तो हसला.

"वहिनी, तुम्ही थोड्याच फवारायला जाताय? तुम्ही आमच्या सावलीतल्या राणी."

तीही हसली. मोजे फवारणीवाल्यांचे, मुखवटे त्यांचे, चष्मे त्यांचे. तिच्या वाट्याला त्यांचे कपडे.

तिला खरा अभिमान होता तो आपल्या नाकाचा. मळ्यावर कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नसे, औषधच म्हणत. एका औषधाला लसणीचा वास, एकाला रॉकेलचा, एकाला सडक्या कोबीचा. पोशाख नुसता नाकाशी नेऊन वहिनी सांगायची, "हा सहाव्या छपराखालून आला. आणि हा उंटाचा, यात औषध कमी आणि तंबाखू जास्त." उंट म्हणजे चौदा नंबरचा फवारणीवाला, उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा. फवारणीवाले तिच्या नाकावर चहाच्या पैजा लावायचे आणि हरायचे.

बाराव्या वर्षी एका सकाळी वास गेला.

सर्दी नव्हती, पडसं नव्हतं. तिने पोशाख नाकाशी धरला आणि काहीच आलं नाही, जणू कोरा कागद हुंगला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिने मुकादमाला गाठलं. "औषध बदललंत का?"

"नाही बुवा. तेच आहे. आज तर इतकं उग्र आहे की माझंच डोकं चढलंय. का हो?"

"काही नाही," वहिनी म्हणाली. पैजा लावायला आलेल्यांना तिने त्या दिवसापासून काम आहे म्हणून पिटाळायला सुरुवात केली.

घरी ती आणि तिची लेक, दोघीच. लेक बसच्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. एका संध्याकाळी लेक कामावरून आली, तर जिन्यातच तिला ठसका लागला. घरात धूर. शेगडीवर दुधाचं पातेलं करपून काळं ठिक्कर पडलेलं आणि तिथून दोन हातांवर पाठमोरी बसून वहिनी शांतपणे बटणं निवडत होती.

"आई! अगं काय जळतंय!"

"कुठे?" वहिनीने विचारलं.

लेक नंतर म्हणायची, की पातेल्याचं काही नाही, पण त्या "कुठे"ची मला भीती वाटली.

मग एकेक गोष्ट पाहुणीसारखी यायला लागली आणि आली ती मुक्कामालाच. सकाळी उठल्यावर लेक सांगायची, "आई, तू झोपेत कुणाशी तरी झटत होतीस, लाथा मारत होतीस." वहिनीला काही आठवायचं नाही, फक्त पोटरी दुखायची. मग अक्षर. फाटलेल्या पोशाखांची यादी ती शिवणवाल्याकडे पाठवायची. पहिली ओळ ठसठशीत, दुसरी जरा बारीक, आणि पाचव्या ओळीपर्यंत अक्षरं इतकी लहान व्हायची की कागदावर मुंग्या निघाल्यात असं वाटावं. शिवणवाल्याने निरोप धाडला, "वहिनींना म्हणावं, पुढच्या वेळी कागदाबरोबर भिंगही पाठवा." वहिनीने मोठं काढायचा हट्ट धरून पुन्हा लिहून बघितलं. हाताला जणू कुणी वरून दाबत होतं. अक्षर आपलं आकसतच गेलं.

उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर फिरायला लागला, आपलाआपण, साबणाची वडी चोळावी तसा. ती तो हात खिशात घालून ठेवू लागली.

आणि मग वाळवणखोली.

दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन, आत ती कोंदट, ओलसर ऊब. वहिनी सुकलेले पोशाख काढायला आत गेली. तिसऱ्या रांगेपाशी तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की चौदा नंबरचा पोशाख भरलेला आहे.

भरलेला, म्हणजे त्यात माणूस होता. खांदे गोलाकार, छातीशी कापड फुगलेलं, गुडघे वाकलेले, जसा कुणी बसायच्या बेतात असावा. टोपी डोक्यावर ओढलेली, आणि टोपीच्या आत जिथे तोंड असायला हवं तिथे नुसती काळी जागा.

"काय रे उंटा," ती म्हणाली, "इथे काय करतोयस?"

उत्तर आलं नाही. तिने मान वळवून सरळ बघितलं. पोशाख रिकामा होता, आकड्याला लोंबत होता, बाह्या खाली गळलेल्या. ती दारापर्यंत गेली आणि बाहेर बघितलं. समोरच्या झाडाखाली उंट इतरांबरोबर डबा खात बसला होता. तिला बघून त्याने हात केला. तिनेही केला. मग ती परत आत आली, राहिलेले पोशाख काढले, घड्या घातल्या. हात थरथरत होते, पण ते तर हल्ली थरथरायचेच.

महिनाभरात तसे भरलेले पोशाख वाढले. कधी तिघं, कधी सातजण. नेहमी कडेला, नेहमी नजरेच्या काठावर. सरळ बघितलं की कापड, नजर काढली की माणसं. त्यांनी तिला कधी त्रास दिला नाही, आवाज केला नाही. दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघावी, तसे ते थांबलेले असत. त्यांच्या त्या सोशिकपणाचीच तिला जास्त धास्ती वाटायची. कशाची वाट बघतायत? एक दिवस टोपली घेऊन जाताना तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "जरा पाय घ्या हो बाजूला," आणि वाट मोकळी झाल्यासारखी ती पुढे गेली. हौदापाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

त्या खोलीच्या उंबऱ्यात तिचे पाय अडायलाही लागले. चालत यायची आणि दारात गच्च. तळवे जमिनीला खिळल्यासारखे, वरचं अंग पुढे, पाय मागे. मागून कुणी पोटऱ्या धरल्यात असं वाटायचं. मग मनातल्या मनात "एक, दोन, तीन" म्हणून आडवी काठी ओलांडावी तसा पाय उचलला की सुटायची.

घरीसुद्धा डाव्या खांद्यामागे कुणीतरी असायचं. दिसायचं नाही, नुसतं असायचं. रस्त्याने चालताना ती त्याच्यासाठी कडेला सरकायची. एका सकाळी लेकीने ओट्याकडे बघून विचारलं, "तीन कप का गं? कोण यायचंय?"

वहिनी कपांकडे बघत राहिली. "चुकून," म्हणाली आणि तिसरा कप आत ठेवून दिला.

याच सुमारास मुकादम म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही हल्ली थकलेल्या दिसता. मदतीला एक बाई घेऊ. ओळखीची कुणी असेल तर सांगा." वहिनीने लगेच धाकटीचं नाव सांगितलं. धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. दोघींचं फार गूळपीठ होतं असं नाही. धाकटीचा आवाज एवढा, की ती शेजारच्या खोलीत बोलली तरी गल्लीला कळायचं. पण दिराचा कारखाना बंद पडला होता आणि धाकटी काम शोधून पार मेटाकुटीला आली होती. मुकादमाने होकार दिला, तेव्हा वहिनीला बरं वाटलं. पहिल्या तारखेपासून यायचं ठरलं. त्याला अठरा दिवस होते.

आणि त्या बरं वाटण्यातच तिला आठवण झाली, की आपलं नावही असंच कुणीतरी सांगितलं होतं.

आक्काकडे ती किती वर्षांत गेली नव्हती. मळ्यावर म्हणायचे आक्काचं डोकं फिरलंय, भिंतीशी बोलते. एकदा जाऊन यायला हवं, असं वहिनी दर वर्षी म्हणायची आणि राहून जायचं. आता ती सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गेली. आक्काच्या बहिणीने दार उघडलं. आक्का खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. चेहरा गुळगुळीत, एक सुरकुती हलत नव्हती, डोळ्यांची पापणीसुद्धा क्वचितच. उजवा हात मांडीवर होता, आणि अंगठा शेजारच्या बोटावर फिरत होता, साबणाची वडी चोळावी तसा.

वहिनीने आपला हात खिशात आणखी खोल घातला.

"काढ तो बाहेर," आक्का म्हणाली. आवाज इतका बारीक की वहिनीला वाकावं लागलं. "वास आधी गेला ना?"

"हो."

"मग अक्षर?"

"हो आक्का."

"मग आता ते यायला लागले असतील."

वहिनी आणखी वाकली. "कोण?"

"कपड्यांतले," आक्का म्हणाली. "माझ्याकडे तिघं असतात. हे काय." आणि मान न हलवता तिने फक्त डोळे कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे नेले.

स्वयंपाकघरातून बहीण मोठ्यांदा म्हणाली, "कुणी नाहीये तिथे! मी रोज झाडते ती जागा!"

"ती झाडते तेव्हा ते उभे राहतात," आक्का म्हणाली. "एरवी बसलेले असतात. तुझे बसतात का?"

"एक बसतो," वहिनी म्हणाली. "बसायच्या बेतात असतो."

कपाटाच्या कोपऱ्याकडे बघायचं नाही, असं ठरवून वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर एक बाई गालिचा झटकत होती.

"मला नक्की माहीत नव्हतं," आक्का म्हणाली. "संशय होता. माझ्या आधी जी होती, तिचेही हात असेच झाले होते. मी म्हटलं, वय झालं असेल. मग माझं सुरू झालं. तरी मी तुझं नाव दिलं. तुला गरज होती, आणि मला वाटलं, सगळ्यांना थोडंच होतं? बारा वर्षं मी या खुर्चीत बसून बघत्ये तू येतेस का. येऊ नयेस असं वाटायचं. ज्या दिवशी आली नाहीस, त्या दिवशी मी म्हणायची, आज ती बरी आहे."

वहिनीला तिचा राग यायला हवा होता. निदान लेकीला नंतर सांगताना ती तसंच म्हणाली. पण त्या क्षणी तिने फक्त आक्काच्या ओठांच्या कोपऱ्यातली लाळ आपल्या रुमालाने पुसली.

पुढच्याच आठवड्यात लेक तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मेंदूची डॉक्टरीण तरुण होती, घाई न करणारी. तिने चार छोट्या बाटल्या एकेक करून वहिनीच्या नाकाशी धरल्या.

"हा कसला वास?"

"पाणी."

"हा?"

"पाणीच आहे सगळ्यांत."

लेकीने तोंड फिरवलं. तिला दाराशी बसूनसुद्धा लवंगेचा वास आला होता. मग डॉक्टरीणबाईंनी एकच वाक्य पाच वेळा लिहायला लावलं, गोल गोल चक्र काढायला लावलं, लांब वऱ्हांड्यातून चालत जायला आणि वळून यायला लावलं. वळताना वहिनी अडली, एक दोन तीन म्हणाली आणि सुटली.

"काम काय करता?"

"कपडे धुते."

डॉक्टरीणबाई लिहून पुढे जाणार होत्या. वहिनी म्हणाली, "कुणाचे, ते नाही विचारलंत."

मग तिने सगळं सांगितलं. झटकणं, हौद, उघडे हात, बारा वर्षं, आणि आक्का, आणि आक्काच्या आधीची ती. पेन मध्येच थांबलं होतं.

"याला पार्किन्सन म्हणतात," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. गोळ्यांनी बराच फरक पडेल, पण तो पूर्ण जात नाही. हे खोटं सांगणार नाही."

"त्या औषधांनी झालं?"

"तुमच्या एकटीच्या बाबतीत बोट ठेवून हेच कारण असं मला लिहून देता येत नाही. ज्यांनी कधी मळा बघितला नाही त्यांनाही हा आजार होतो. पण काही कीटकनाशकांशी वर्षानुवर्षं संबंध येणाऱ्या कामगारांत तो जास्त दिसतो, एवढं मी लिहून देऊ शकते. आणि संबंध यायला फवारावंच लागतं असं नाही. कातडीतून जातं, श्वासातून जातं."

वहिनीने लेकीकडे बघितलं, मग आवाज आणखी खाली आणला. "आणि ती माणसं?"

"तीही यातच येतात. काहींना माणसं दिसतात, काहींना नुसतं शेजारी कुणी आहे असं वाटतं."

"पण आक्कालाही तशीच दिसतात. बिनतोंडाची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दोघींनी वर्षानुवर्षं काय बघितलं? रिकामे पोशाखच ना? मेंदूला माणूस घडवायचा झाला तर तो हाताशी असेल त्यातूनच घडवणार. तुम्ही काय म्हणता त्यांना?"

"बाजूला व्हा म्हणते."

"होतात?"

"होतात."

"मग तसंच म्हणत जा. आणि कमीजास्त झालं तर मला येऊन सांगा, लपवू नका."

गोळ्या सुरू झाल्या. आठवडाभरात हाताची मूठ मोकळी झाली, पाय हलके झाले. पण पहिली तारीख चार दिवसांवर आली होती. वहिनी धाकटीकडे गेली आणि म्हणाली, "ती नोकरी घेऊ नकोस."

धाकटीने आधी हसून घेतलं. मग तिला कळलं, की ही चेष्टा नाही. "जाऊबाई, स्वतःच नाव द्यायचं आणि स्वतःच काढायचं? माझ्या घरात दोन पैसे आलेले बघवत नाहीत का तुम्हाला?" आवाज गल्लीत गेलाच. "एवढं विषारी होतं, तर बारा वर्षं तुम्ही कशा राहिलात?"

"अशी राहिले," वहिनी म्हणाली आणि खिशातून हात काढून टेबलावर ठेवला. गोळीचा अंमल उतरायची वेळ होती. अंगठा फिरत होता.

"वय झालं की होतं असं," धाकटी म्हणाली. पण जरा हळू.

"मी बावन्न वर्षांची आहे. चल माझ्याबरोबर."

धाकटी धुसफुसत का होईना, आली. आक्काच्या खोलीत वहिनी आक्काशेजारच्या स्टुलावर बसली आणि धाकटी समोर, पलंगाच्या कडेवर. कुणी काही समजावून सांगितलं नाही. बहिणीने चहा आणून ठेवला. धाकटी आक्काच्या हाताकडे बघत होती, मग वहिनीच्या, मग पुन्हा आक्काच्या. दोन अंगठे, एकाच चालीने, न थांबता, जणू दोघी एकाच हौदात एकच कापड चोळत होत्या. खोलीत दुसरं काही हलत नव्हतं.

मग आक्काने डोळे उचलले आणि त्या बारीक आवाजात म्हणाली, "ही तिसरी का गं?"

धाकटी चहा न पिताच उठली. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि ती गप्प बसलेली वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा बघितली. कोपऱ्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "दुसरं काहीतरी बघीन मी. झाडलोट बघीन, पण हे नको."

वहिनी डॉक्टरांचा कागद घेऊन मुकादमाकडे गेली. त्याने तो दोनदा वाचला, टकलावरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता. "वहिनी, पण तुम्ही कधी फवारलंत कुठे?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. वर कळवतो म्हणाला. वरून उत्तर आलं ते असं, की मळ्यावरचं धुलाईघर बंद. पोशाख आता बाहेर धुवायला जातील. वहिनीच्या नावाचं शेवटचं पाकीट आलं, हिशोब मिटला. पुढच्या सोमवारी एक पांढरी गाडी येऊन बावीसच्या बावीस पोशाख गोण्यांत भरून घेऊन गेली.

उंटाने येऊन तिला ही बातमी दिली. "कुठे नेतात कुणास ठाऊक. तिथल्या बायकांना हे कसले कपडे आहेत ते तरी सांगितलंय का, देव जाणे."

वहिनी दोन दिवस नीट जेवली नाही. मग तिने उंटाला कामाला लावलं. उंटाने गाडीवाल्याला चहा पाजून पत्ता काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामांच्या ओळीत, कपडे धुण्याचा एक कारखाना. लेकीला सुट्टी नव्हती. "मी येते," धाकटी म्हणाली. "तुमचा आवाज आता तुम्हालाच ऐकू येत नाही. तिथे जाऊन काय कुजबुजणार?"

बसला दोन तास लागले. डाव्या खांद्यामागचा तोही आला असावा, वहिनीने सवयीने खिडकीकडे सरकून जागा केली. धाकटीने ती मोकळी जागा बघितली, आणि काही न बोलता आपली पिशवी मांडीवर घेतली, त्या जागेत ठेवली नाही.

कारखान्याला रस्त्याच्या बाजूने मोठी काच होती. आत हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे टॉवेल आणि एका कोपऱ्यात त्या ओळखीच्या गोण्या. एक बाई गोणीत हात घालून पोशाख ओढून काढत होती. धाकटीने काचेवर मूठ आपटली. "अहो बाई! हात काढा त्यातून! आधी बाहेर या!"

बाई दचकली, बाहेर आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, कसला गोंधळ आहे ते बघायला. आतून मालकाने कोण आहे म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, "नातेवाईक आहोत," आणि हे तिने इतकं ठासून सांगितलं, की तो पुन्हा आत गेला.

मग वहिनी बोलली. तिच्या आवाजामुळे तिघींना अगदी जवळ यावं लागलं, डोकी एकत्र करून. तिने भीती घातली नाही. कपडे कशाचे आहेत ते सांगितलं. झटकू नका, दुसऱ्या कपड्यांत मिसळू नका, जाड मोजे मागा, मिळाले नाहीत तर हात लावू नका, हे सांगितलं. डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यातल्या एकीने तो फोनवर टिपून घेतला. दुसरी म्हणाली, "आम्हाला सांगितलं, बागेतले कपडे आहेत." तिसरी आपले ओले हात अंगापासून लांब धरून उभी राहिली.

त्यांतल्या दोघींनी पुढे मोजे मिळवले, आठवडाभर भांडून. तिसरीने काम सोडलं. कागद कामगारांच्या आरोग्याच्या कचेरीतही पोचला. तिथून एक तपासनीस आला, मळ्यावर गेला, लिहून घेऊन गेला. त्याचं काय झालं ते अजून कुणी कळवलेलं नाही. आक्का त्याच वर्षी थंडीत गेली. तिच्या बहिणीने ती खोली आता भाड्याने दिली आहे.

वहिनी लेकीकडेच असते. गोळ्या दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून. चांगल्या तासांत ती धाकटीबरोबर बाजारात जाते, वाईट तासांत खुर्चीत बसते. महिन्यातून एकदा त्या दोघी बसने त्या कारखान्यात जातात, कारण तिथे बायका सारख्या बदलतात आणि नव्या बाईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मालक आता त्यांना हाकलत नाही. दाराशी एक बाक ठेवलाय, त्यावर बसा म्हणतो.